पाऊण तासाचं माहेर

नारळ विमानाच्या चाकावर फोडायचा की पंख्यावर, यावरून वाद पेटला होता आणि मी औक्षणाचं ताट घेऊन उन्हात उभी होते. गुरुजींचा कौल चाकाला होता. नवा ट्रॅक्टर असो, नवा ट्रक असो, त्यांनी आजवर चाकावरच फोडला होता. वैमानिक दोन्ही हात आडवे करून "नो, नो" म्हणत होता. शेवटी अग्निशामक बंबाच्या पुढ्यात एक दगड सापडला, नारळ त्यावर फुटला आणि पाणी बंबावर उडालं. त्यामुळे खरं सांगायचं तर त्या दिवशी सोनारखेडमध्ये विमानाचं नव्हे, बंबाचं उद्घाटन झालं.

साल सत्त्याऐंशी. विमानतळ म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि शेळ्या हाकलायला दोन होमगार्ड. शेजारी मांडव, मांडवात तीन-चारशे माणसं, आणि व्यासपीठावर माझे सासरे अप्पासाहेब परांडेकर वकील, सोनारखेड विमानसेवा कृती समितीचे अध्यक्ष.

"हा बघा रस्ता!" मामंजींनी खिशातून एक लांबलचक दोरा काढला. मागे दोन कार्यकर्ते नकाशा धरून उभे होते. त्यावर सोनारखेडपासून कोकणातल्या आगरबंदरपर्यंत त्यांनी तो दोरा वळणावळणानं लावत नेला. "दोन गाड्या बदला, घाट उतरा, तेरा तास! आणि हे बघा हवाई अंतर." आता दुसरा दोरा निघाला, वीतभर. तो त्यांनी दोन्ही चिमटीत ताणून सभेला दाखवला. "दोनशे किलोमीटर. पाऊण तास!"

टाळ्या पडल्या. हे भाषण गावाला पाठ होतं. पाच वर्षं ते प्रत्येक सभेत, प्रत्येक लग्नात आणि दोन तेराव्यांना झालं होतं. दोराही तोच. आमच्या देवघरातल्या वातींच्या कापसाचा होता, मीच वळून दिलेला.

त्या वातींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

परांडेकरांच्या घरात अशी रीत होती की दिवेलागणीला देवघरातली समई घरच्या सुनेनंच लावायची. मुलीनं नाही, पाहुणीनं नाही, आणि पुरुषानं तर मुळीच नाही. नवी सून आली की जुनीनं तिच्या हाती काडेपेटी द्यायची आणि त्यानंतर पुन्हा समईला हात लावायचा नाही. माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, त्यांना सगळे माई म्हणत, काडेपेटी माझ्या तळहातावर ठेवली आणि एवढा मोठा श्वास सोडला की पुढची वात विझली. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दिवा लावला होता. त्यांचे वडील वारल्याची तार सकाळी आली होती, त्या संध्याकाळीसुद्धा.

मला माहेरी जायला कुणी नको म्हणत नव्हतं. हे मी मामंजींच्या बाजूनं मुद्दाम नमूद करते. "अगं, जा ना! अडवलंय कुणी?" ते म्हणत. "सकाळी जा, दिवेलागणीला ये."

आगरबंदर तेरा तासांवर होतं.

माझा धाकटा भाऊ वसंता दर भाऊबीजेला मुऱ्हाळी म्हणून यायचा, म्हणजे मला न्यायला. घाटात ओकून हिरवा पडलेला असायचा. त्याला उटणं लावून आंघोळ व्हायची, चार लाडू व्हायचे, मामंजी त्याला पुरणपोळीवर तूप वाढत "सकाळी ने, दिवेलागणीला आण" म्हणायचे, आणि वसंता रिकाम्या हातानं परत घाटात जायचा. अशी सहा वर्षं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं म्हणतात. माझी मुग्धा सोनारखेडात झाली. बाळंतिणीचं सोयर, तिसऱ्या दिवशी वर्ज्य, पाचव्या दिवशी वर्ज्य, या सगळ्यातून पळवाटा काढून समईपाशी मला कसं बसवायचं, यावर मामंजींनी वकिली बुद्धीनं दोन पंचांगं चाळली होती. माझ्या आईनं नात पाहिली नव्हती. तिला बस सोसत नव्हती आणि आता डोळेही सोडून चालले होते.

"डॉक्टर म्हणाले, मागच्या बाजूनंच खराब झालेत. ऑपरेशनचा उपयोग नाही," गेल्या भाऊबीजेला वसंता ताटावर बसून हळूच म्हणाला होता. "मला आता पायरवावरून ओळखते. अजून कडेकडेनं दिसतं थोडं. तायडे, वर्षभर टिकेल, फार तर."

मामंजींनी ते ऐकलं होतं. त्यांचे डोळेही पाणावले होते. त्यांनी त्याला आणखी तूप वाढलं.

तर विमानाकडे येऊ. उद्घाटनाच्या फेरीत अध्यक्षांना सपत्नीक दोन जागा मानाच्या, असं कंपनीनं कळवलं, त्याच दिवशी मामंजींची कंबर धरली. जिना चढताना धरत नसे. व्यासपीठावर धरत नसे. विमानाचा विषय निघाला की मात्र ते हात मागे नेऊन खुर्ची शोधत. मामंजींना उंचीची भीती होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की ते खालूनच विचारत, "वाळल्या का?" पण पाच वर्षं विमानासाठी लढलेल्या माणसाला हे कोण म्हणणार? आमचे हे त्या आठवड्यात बँकेच्या कामानं नांदेडला होते, आणि इथे असते तरी "अप्पा म्हणतील तसं" एवढंच म्हणाले असते.

उद्घाटनाच्या सकाळी मी पिशवी भरत होते तेव्हा माई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ही कुठली पिशवी?"

"असू दे बरोबर, माई. जागा दोन रिकाम्या जातायत. कुणी सांगावं."

त्यांनी वाकून पिशवीत पाहिलं. "चार साड्या?"

"कोकणात हवा दमट. वाळत नाहीत लवकर."

माई आत गेल्या. मला वाटलं, आता मामंजींना हाक जाणार. त्या आल्या त्या मेतकुटाची बरणी आणि एक साडी घेऊन. "बरणी विहीणबाईंना दे," त्या म्हणाल्या, "आणि ही पाचवी घे. दमट म्हणतेस ना."

मग पिशवी त्यांनी स्वतःच उचलून, बसायच्या सतरंजीखाली घालून, जीपमध्ये ठेवली.

आता मांडवात. भाषण संपलं, पाहुण्यांना ओवाळायला मला वर बोलावलं. मी पाहुण्यांना ओवाळलं, मग मामंजींना ओवाळलं. माईक त्यांच्या हनुवटीशी होता. मी वाकले, म्हणजे तो माझ्याही हनुवटीशी आला.

"मामंजी," मी म्हटलं, "मग मी जाऊ का?"

लाउडस्पीकरनं ते धावपट्टीच्या पलीकडच्या शेळ्यांनासुद्धा ऐकवलं.

"कुठे?" मामंजी म्हणाले.

"आगरबंदरला. माहेरी. पाऊण तासच तर आहे."

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. मामंजींनी माईकवर हात ठेवला. त्यानं आवाज कमी होतो असा त्यांचा समज होता. "अगं, पण दिवा?"

"तुम्हीच म्हणता ना, अडवलंय कुणी? सकाळी जा, दिवेलागणीला ये. इतके दिवस बस होती. आता विमान आणलंत तुम्ही."

"जागा नको का..."

"तुमच्या दोन आहेत की. तुम्हाला कंबरेनं बसवणार नाही. माईंना घेरी येते. मी नि मुग्धा बसतो."

मागच्या रांगेतून आरोळी आली, "अध्यक्षांच्या कंबरेला विश्रांती द्या! सूनबाईंना बसवा!" आणि मग काय, टाळ्या. बँडवाल्यांना वाटलं आपली वेळ झाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

वकील माणूस. हरलेला दावा जिंकल्यासारखा मांडायची सवय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज चढवला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! ही माझी सून. सहा वर्षं हिनं माहेरचा उंबरा पाहिला नाही. आज ही दुपारी आईच्या हातचं जेवेल, आणि संध्याकाळी परांडेकरांच्या देवघरात स्वतःच्या हातानं दिवा लावेल! मी वचन देतो! प्रगती, प्रगती म्हणतात ती दुसरी कोणती?"

वचन त्यांनी दिलं. मी फक्त पदर सारखा केला.

माई मुग्धाला कडेवर घेऊन आणि पिशवी हातात घेऊन शिडीपाशी उभ्याच होत्या.

"एका जेवणाला एवढी पिशवी?" मामंजींनी विचारलं.

"लहान मूल आहे. सांडतं," माई म्हणाल्या.

विमान अठरा जणांचं होतं आणि आत वाकून चालावं लागायचं. माझ्या शेजारच्या रांगेत कृती समितीचे खजिनदार होते. त्यांना मुंबईला व्याह्यांकडे जायचं होतं. ते डोळे मिटून जप करत होते. मुग्धा खिडकीला नाक लावून बसली होती. थोड्या वेळानं खालची जमीन एकदम संपली, काळ्या कड्याची धार आली आणि पलीकडे सगळं हिरवं खोल गेलं. कड्यावरून एक बारीक पांढरी रेघ वळत वळत उतरत होती.

"आई, तो आजोबांचा दोरा!" मुग्धा म्हणाली.

तो वसंताचा घाट होता. त्याला उतरायला दीड तास लागायचा. आम्ही तो एका गोळीत ओलांडला. गोळी हवाई सुंदरीनं दिली होती, लिंबाची. मुग्धाची तोंडात विरघळायच्या आत समुद्र आला.

आगरबंदरला मांडव नव्हता. तिथल्या लोकांनी विमान मागितलंच नव्हतं, त्यामुळे ते बघायला गाव लोटलं होतं. त्यात सायकल धरून वसंता. मी शिडीवरून उतरले तशी सायकल पडली.

"तायडे? तू? अगं, मुऱ्हाळी कुठंय?"

"विमान आलं की न्यायला."

"आणि परत कधी?"

"आधी चल तर."

आई पडवीत नारळाच्या झावळीचे हीर काढत बसली होती. ते काम तिला न बघता येत होतं. आमची पावलं ऐकून तिनं कोयती खाली ठेवली. "वसंता, तुझ्याबरोबर कोण आहे? बाईमाणूस आहे. आणि एक पोर आहे." मग तिनं हवेतच वास घेतल्यासारखं केलं. "मेतकूट?"

"सासूबाईंनी दिलंय," मी म्हटलं.

आईनं मुग्धाचा दंड धरला आणि तिला पडवीच्या उजेडाच्या बाजूला नेऊन उभं केलं. समोरून तिला दिसत नव्हतं. मान वळवून, कोंबडी दाणा बघते तशी, ती डोळ्याच्या कडेनं बघू लागली. आधी डावीकडून. मग उजवीकडून. मुग्धानं ते पाहिलं आणि खेळ समजून तीही तशीच मान वाकडी करून आजीकडे बघू लागली. बराच वेळ दोघी अशाच उभ्या. वसंता सायकलची चेन बसवायचं निमित्त करून बाहेर गेला.

"हनुवटी तुझी आहे," शेवटी आई म्हणाली. "कान परांडेकरांचे असणार. असू देत."

दुपारी आईनं तांदळाची भाकरी थापली, अंदाजानं. संध्याकाळी आम्ही पडवीतच बसलो होतो. वसंता आत गेला, शीळ घालत देवापुढचा दिवा लावला आणि शीळ घालतच बाहेर आला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"काय गं?" तो म्हणाला.

"काही नाही. आपल्याकडे कोण लावतं दिवा?"

"ज्याचे हात मोकळे असतील तो. का?"

एवढ्यात शेजारच्या डॉक्टरांचा कंपाउंडर कुंपणावरून ओरडला, "तायडीला फोन! सोनारखेडहून! अर्जंट ट्रंककॉल!"

रिसीव्हर कानाला लावायच्या आधीच मामंजींचा आवाज ऐकू येत होता.

"सुलभा! विमान कुठाय?"

"मुंबईला गेलं, मामंजी. आम्हाला उतरवलं नि लगेच गेलं."

"मुंबईला? आम्ही पाच वाजल्यापासून धावपट्टीवर उभे होतो! समिती हार घेऊन उभी! बँड परत बोलावला! परत कधी येणार आहे ते?"

"परत नाही येत ते. पुढे जातं."

"म्हणजे?"

"सोनारखेड, आगरबंदर, मुंबई. मग मुंबईहून गुरुवारी पुन्हा सोनारखेड. घाण्याच्या बैलासारखं एकाच बाजूनं फिरतं. इथून तिकडे यायला विमानच नाही."

तारेत नुसती खरखर. पाच वर्षं समितीची मागणी होती, 'सोनारखेडला विमान आलंच पाहिजे'. ते आलं होतं. ते कुठून कुठे जातं आणि गेलेला माणूस परत कसा येतो, हे मागण्यात कुठेच नव्हतं.

"हे... हे तुला कुणी सांगितलं?"

"तिकीटखिडकीवरच्या मुलीनं. मागच्या आठवड्यात तिला विचारलं, बाई, परत कसं यायचं? म्हणाली, ताई, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुम्ही भाषण करत होतात, मामंजी. मध्ये कसं बोलायचं?"

"सुलभा!" आता आवाज वकिलाचा राहिला नव्हता. "अगं, अंधार पडला! दिवा कोण लावणार? पिढ्यान् पिढ्या कधी..."

"तुम्ही लावा."

"मी? पुरुषानं?"

"नाहीतर माईंना सांगा."

पलीकडून माईंचा आवाज आला, लांबून पण स्वच्छ. "मी काडेपेटी दिली ती दिली. परत घेता येत नाही. तुमच्याच घरची रीत आहे, मी काय माहेरून आणली नाही!"

मामंजी माझ्याशी बोलत होते की माईंशी, कळेना. "असते कुठे ती काडेपेटी?"

"खालच्या फळीवर," माई म्हणाल्या. "वाका."

"माझी कंबर..."

"मघाशी हार घेऊन धावत होतात. वाका."

मध्येच ऑपरेटर आली. "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

"वाढवा," मी म्हटलं.

फोन देवघराच्या दाराशीच होता. मला पाटाचा आवाज आला. मग काडी ओढल्याचा. तुटली. दुसरी. तीही तुटली, मामंजींनी उभ्या जन्मात काडी ओढली नव्हती, विडी ओढायचे ते पेटवून दिलेली. "तिरकी धरा," माई म्हणाल्या. तिसरी पेटली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. आगरबंदरात डॉक्टरांच्या खोलीत मी, कंपाउंडर आणि दोन पेशंट श्वास रोखून उभे होतो.

"लागला," मामंजी म्हणाले. आवाज असा, की वरून काहीतरी कोसळायची वाट बघतायत.

"छप्पर आहे ना जागेवर?" मी विचारलं.

त्यांनी खरंच वर पाहिलं असावं. "आहे," ते म्हणाले.

"मग ठेवते. पाच साड्या आणल्यात. त्या संपल्या की येते, बसनं."

विमानसेवा पुढच्या पावसाळ्यात बंद पडली. होमगार्ड गेले, शेळ्या आल्या. मामंजींनी पुन्हा समिती काढली, या वेळी दोन्ही बाजूंच्या विमानासाठी. ते काही आलं नाही. आईची नजर गेली ती चैत्रात. तोवर तिनं नातीचे कान दोन्ही कडांनी पाहून घेतले होते, आणि ते परांडेकरांचेच आहेत याबद्दल तिची तक्रार उरली नव्हती.

पुढच्या भाऊबीजेला वसंता आला नाही. मीच निघाले. सकाळच्या गाडीनं, तेरा तासांची. माझ्याबरोबर माई होत्या. त्यांचं माहेर वाटेत घाटाच्या अलीकडे, अठ्ठावीस अधिक सात वर्षं तिथंच होतं. कोर्टाला दिवाळीची सुट्टी असूनही मामंजी कोट चढवून स्टँडवर पोचवायला आले. तिकिटं झाली, पाण्याची बाटली झाली, मुग्धाला खिडकी झाली. दिव्याचं कुणीच काही बोललं नाही.

गाडी सुटताना त्यांनी हात हलवला, तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात काडेपेटी वाजली.